बीओटीनंतर लगेच एमओटी की आधी नोकरी? आणि कॉलेज निवडताना काय बघायचं?

ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे आजार, इजा किंवा वाढीतल्या अडचणी असलेल्या माणसाला रोजची कामं करता यावीत यासाठीचे उपचार. बीओटी ही त्यातली पदवी, एमओटी पदव्युत्तर पदवी. इंटर्नशिप करणाऱ्या एका मुलीने मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "ताई, मी इंदूरचीच. ऑक्युपेशनल थेरपीची इंटर्नशिप दोन महिन्यांत संपेल. घरचे म्हणतात एमओटी लगेच उरकून टाक, सर म्हणतात आधी काम कर. एमओटीचं कॉलेज निवडताना क्लिनिकल ट्रेनिंग चांगलं आहे हे बाहेरून कसं ओळखायचं? आणि मुलांच्या थेरपीत जावं का, तिथे नोकऱ्या भरपूर आहेत."

आधी सरळ उत्तर देते. एक ते दीड वर्ष काम कर, मग एमओटीला जा. पण काम अशा जागी कर जिथे तुझ्यापेक्षा अनुभवी थेरपिस्ट तुला रुग्णाबरोबर काम करताना बघेल आणि नंतर दहा मिनिटं बसून बोलेल. असं कुणी नसेल तर लगेच एमओटी केलेली बरी. एकटीने केलेल्या दीड वर्षात चुकीच्या सवयी पक्क्या होतात आणि त्या मोडायला दुप्पट वेळ जातो. हे मी स्वतःवरून सांगते आहे.

मी नागपुरात शिकले आणि लग्नानंतर इंदुरात आले. सुरुवातीला एका रुग्णालयाच्या विभागात काम करत होते. तिथे रामबागेत राहणाऱ्या एक आजी होत्या, पक्षाघाताने उजवी बाजू गेलेल्या. सात आठवडे मी त्यांच्याबरोबर खुंट्यांचा बोर्ड, शंकू, चेंडू, कपड्यांचे चिमटे हे सगळं केलं. बार्थेल इंडेक्स, म्हणजे रोजची कामं स्वतः किती जमतात याचं गुणांकन, शंभरपैकी पंच्याऐंशीवर आला. फाइलवर मी 'हाताच्या कार्यात समाधानकारक सुधारणा' असं लिहिलं आणि त्यांना घरी पाठवलं. महिन्याभराने त्यांच्या सुनेने सहज बोलावलं म्हणून गेले. आजी खाटेवर बसून होत्या. सून त्यांना भरवत होती. मी विचारलं, "हात चालत नाही का?" त्या म्हणाल्या, "हात चालतो गं. पण देव महिनाभर पारोसे आहेत."

लग्न होऊन त्या घरात आल्यापासून देवपूजा त्याच करत. पूजा बंद झाली तशी सकाळी लवकर उठणं, आंघोळ, धुतलेलं नेसणं, सगळंच हळूहळू सुटलं. सात आठवड्यांत मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं की सकाळी उठल्यापासून तुम्ही काय काय करता. पाटावर खाली बसणं आणि तिथून उठणं त्यांना जमत नव्हतं. काडेपेटी एका हाताने पेटत नव्हती. बाकी पूजेला लागणारी ताकद त्यांच्या हातात केव्हाच आली होती. आम्ही देव उंच चौरंगावर घेतले, समोर हात असलेली लाकडी खुर्ची ठेवली, काडेपेटीऐवजी गॅसचा लायटर दिला, तांब्याऐवजी छोटी झारी. बारा दिवसांत त्या पूजा करू लागल्या. जेवण त्या आपण होऊन स्वतः घेऊ लागल्या, ते मी शिकवलंच नाही.

विभागात तेव्हा माझ्या वर कुणी नव्हतं. कुणी असतं तर दुसऱ्या आठवड्यातच विचारलं असतं, "या खुंट्या कशासाठी?" पदव्युत्तर शिक्षणातून मिळवायचं ते हे: हा प्रश्न विचारणारं माणूस, आणि पुढे तोच प्रश्न स्वतःला विचारायची सवय.

आपल्या व्यवसायात क्लिनिकल रीझनिंग, म्हणजे रुग्णासाठी काय आणि का करायचं याचा विचार, हा शब्द फार वापरला जातो आणि परीक्षेत त्यावर टीप लिहायला येते. मॉरीन फ्लेमिंग यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्याची मांडणी केली तेव्हा थेरपिस्टच्या डोक्यात एकाच वेळी चालणारे तीन मार्ग सांगितले. एक आजाराचा: स्नायू, सांधा, शिवण, औषध. दुसरा समोरच्या माणसाशी चाललेल्या नात्याचा: तो घाबरलाय का, आज बोलायचंय का त्याला. तिसरा या माणसाच्या पुढच्या आयुष्याचा: सहा महिन्यांनी हा कुठे असेल, काय करत असेल. बीओटीत पहिला मार्ग बऱ्यापैकी तयार होतो. दुसरा स्वभावाने थोडाफार येतो. तिसरा शिकवणाऱ्याशिवाय क्वचितच येतो.

एक उदाहरण विस्ताराने सांगते, कारण यात माझीही चूक आहे. सराफ्यातला एक दागिने घडवणारा कारागीर. काच लागून डाव्या तर्जनी आणि मधल्या बोटाचे वाकवणारे टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) तुटले, तेही बोटाच्या त्या भागात जिथे दोन टेंडन एकाच अरुंद नळीतून जातात. शल्यचिकित्सेत या भागाला झोन दोन म्हणतात. इथली शिवण पहिले तीन-चार आठवडे नाजूक असते. जास्त ओढ बसली तर तुटते, आणि अजिबात हलवलं नाही तर टेंडन आजूबाजूला चिकटून बोट ताठ होतं. म्हणून हाताच्या मागच्या बाजूने स्प्लिंट, म्हणजे हातावर बसवलेला आधाराचा साचा, देतात, बोटांचे मुळातले सांधे वाकलेले आणि पुढचे सांधे सरळ राहतील असा, आणि त्या चौकटीत ठरलेली हालचाल सुरू करतात. ती हालचाल रुग्णाने स्वतः करायची की दुसऱ्या हाताने करवायची, हे शिवण किती पदरी आहे यावर आणि सर्जनच्या मतावर ठरतं. म्हणजे ऑपरेशनची नोंद वाचल्याशिवाय स्प्लिंटला हात लावायचा नाही. माझ्याकडे तेव्हा शिकायला आलेल्या मुलीने हे सगळं उत्तम केलं. थर्मोप्लास्टिक गरम पाण्यात मऊ करून तिने हातावर बसवलेला स्प्लिंट मी आजही नमुना म्हणून दाखवते. बाराव्या आठवड्यात पकडीचा जोर मोजणाऱ्या डायनमोमीटरवर पकड चांगली आली, बोटं तळव्याला टेकली. आम्ही दोघी खूश होतो.

दोन आठवड्यांनी तो बोटांच्या टोकांवर फोड घेऊन आला. सोनं सांधताना चिमटा डाव्या हातात असतो आणि ज्योत जवळ. टेंडनबरोबर बोटाच्या कडेची संवेदना नेणारी नसही दुखावली होती. चिमटा तापलेला त्याला कळलाच नव्हता. मोनोफिलामेंटने, म्हणजे बारीक नायलॉनच्या तंतूने, स्पर्श तपासायला पाच-दहा मिनिटं लागतात. तिने एकदा, सुरुवातीला तपासला होता. परत कामावर पाठवताना पुन्हा तपासला नाही, आणि मीही विचारलं नाही. त्या संध्याकाळी आम्ही दोघी त्याच्या दुकानामागच्या खोलीत गेलो. तो जमिनीवर मांडी घालून बसतो, समोर गुडघ्याएवढी लाकडी पेढी, उजव्या हाताला ज्योत, दिवा वरून. तिथे उभं राहिल्यावर तिला पाच मिनिटांत सगळं दिसलं: चिमट्याला लाकडी मूठ हवी, तापलेला चिमटा ठेवायची जागा ठरलेली हवी, काम करताना बोटांवर नजर ठेवायची सवय हवी आणि रोज रात्री बोटं तपासायची. तिने वहीत लिहिलं, 'आधी इथे यायला हवं होतं.' आता ती परदेशात हाताच्या पुनर्वसनाचं काम करते.

तर बाहेरून कसं ओळखायचं. कॉलेजच्या वेबसाइटवरची यंत्रांची यादी बाजूला ठेव. एक दिवस काढून तिथे जा आणि सकाळी ओपीडीच्या वेळेला शांतपणे बस. रुग्ण येतात का? एका रुग्णाभोवती किती विद्यार्थी आहेत? शिक्षक रुग्णाला हात लावतात का, की टेबलामागूनच सह्या करतात? मग दुसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठ, त्या खरं बोलतात. त्यांना विचार: मागच्या महिन्यात तुमच्या शिक्षकांनी तुम्हाला रुग्णाबरोबर पूर्ण सत्रभर किती वेळा पाहिलं? 'एकदाही नाही' असं उत्तर आलं तर इमारत कितीही चकचकीत असो, माझ्या मते ते कॉलेज सोड. विचार की रुग्णाच्या घरी जायची सोय आहे का, आणि तो वेळ पोस्टिंगमध्ये (नेमून दिलेल्या विभागातल्या प्रत्यक्ष कामात) धरतात की सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या खर्चाने जावं लागतं. स्प्लिंटचं सामान विद्यार्थ्यांच्या हातात येतं की कपाटात कुलूपबंद असतं, हेही. वॉर्डात थेरपिस्टला राउंडला बोलावतात का? बोलावत नसतील तर दोन वर्षांत तू डॉक्टरांशी बोलायला शिकणार नाहीस, आणि अर्ध्या रुग्णांपर्यंत पोचायला उशीर होईल.

तासांचं गणित माहीत असू दे. ऑक्युपेशनल थेरपिस्टांच्या जागतिक महासंघाच्या, म्हणजे डब्ल्यूएफओटीच्या, किमान निकषांत मूळ पदवीसाठी किमान एक हजार तासांचं प्रत्यक्ष क्षेत्रकाम धरलेलं आहे. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्यात आरोग्यसेवा व्यावसायिकाची पदवी किमान ३६०० तासांची, तीन ते सहा वर्षांत पूर्ण होणारी असावी असं म्हटलं आहे. त्याच कायद्याने राज्य परिषदा आणि नोंदवह्या आणल्या आहेत. नोंदणीची कागदपत्रं, पोस्टिंगचे तास आणि त्यावरच्या सह्या नीट फाइल करून ठेव. माझ्या ओळखीतल्या तिघींना बारा-पंधरा वर्षांनी जुन्या पोस्टिंगच्या तासांसाठी कॉलेजच्या चकरा माराव्या लागल्या.

परदेशाचं तू विचारलेलं नाहीस, पण घरात विषय निघणारच. अमेरिकेत २००७ पासून फक्त पदवीनंतरच्या, म्हणजे मास्टर्स किंवा डॉक्टरेट पातळीच्या, प्रवेश-शिक्षणाला मान्यता मिळते. २०२७ पासून सगळ्यांना डॉक्टरेट सक्तीची करायचा निर्णय २०१७ मध्ये झाला होता, तो पुढे मागे घेतला गेला आणि दोन्ही वाटा खुल्या राहिल्या. तिथल्या विद्यार्थ्याला शिक्षणाच्या शेवटी किमान चोवीस आठवड्यांचं पूर्णवेळ क्षेत्रकाम करावं लागतं. आपल्याकडून गेलेल्यांची आधी पात्रता तपासली जाते, मग एनबीसीओटी या तिथल्या प्रमाणन मंडळाची परीक्षा. इंग्लंडमध्ये एचसीपीसी या आरोग्य व्यावसायिकांच्या नियामक परिषदेकडे नोंदणी लागते. कुठेही जायचं असेल तरी तुझी बीओटी डब्ल्यूएफओटी-मान्य कॉलेजातली आहे का, हे आजच बघ. बाकी दोन वर्षांनी नियम काय असतील ते तेव्हा बघू.

आता मुलांच्या थेरपीबद्दल. नोकऱ्या आहेत हे खरं. इंदुरातही गेल्या दहा-बारा वर्षांत झोपाळा, बॉल-पूल आणि रंगीत गाद्या असलेली केंद्रं गल्लोगल्ली निघाली. अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन एअर्स यांनी सेन्सरी इंटिग्रेशनची (स्पर्श, तोल, हालचाल अशा संवेदना मेंदू कशा एकत्र जुळवतो याची) मांडणी केली ती बारकाईने मूल बघून, प्रत्येक मुलासाठी वेगळा विचार करून. पंचेचाळीस मिनिटांच्या सत्रात दारापासून दारापर्यंत ठरलेला क्रम फिरवणं म्हणजे ती मांडणी नव्हे. मुलांमध्ये जायचं तर जा, मनापासून जा. पण पहिली नोकरी अशा केंद्रात नको जिथे आई बाहेर बाकावर बसते आणि आत काय झालं ते तिला कळत नाही. आठवड्यातले दोन तास मूल तुझ्याकडे असतं. उरलेला आठवडा ते घरी आणि शाळेत असतं. त्याला डबा भरवताना, शर्टाची बटणं लावताना, गुढीपाडव्याला नवे कपडे खाजतात म्हणून रडणाऱ्या मुलाला सांभाळताना काय करायचं हे आईला जमलं, तर तू थेरपी केलीस.

आणि एक विनंती आहे. मानसोपचाराच्या पोस्टिंगला शिक्षा समजू नकोस. आपला व्यवसाय तिथेच वाढला. १९१७ मध्ये अमेरिकेत क्लिफ्टन स्प्रिंग्ज इथे ज्यांनी पहिली संस्था काढली, त्यांतल्या एलिनर क्लार्क स्लेगल मनोरुग्णांच्या दिवसाची घडी बसवण्याचं काम करत: उठणं, आवरणं, काम, विश्रांती. भारतात हे शिक्षण आणलं ते कमला निंबकर यांनी. जन्माने अमेरिकन, लग्नाने महाराष्ट्राच्या झालेल्या या बाईंनी १९५० मध्ये मुंबईत केईएम रुग्णालयात पहिली शाळा सुरू केली. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली, आणि त्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा संस्थापक देशांत भारत होता. ही परंपरा असलेल्या देशात आज मानसिक आरोग्यात एमओटी करायला मुली तयार होत नाहीत याचं मला खरोखर वाईट वाटतं. स्किझोफ्रेनियातून सावरणाऱ्या तरुणाला औषधं मिळतात. पण सकाळी अकरापर्यंत झोपलेला तो मुलगा पुन्हा वडिलांच्या दुकानात तासभर बसायला कसा लागेल, यावर महिनोन्‌महिने काम करणारं माणूस त्याच्या घरच्यांना मिळत नाही. तुला विषय निवडायला दोन पर्याय सारखेच वाटत असतील तर हा घे.

एमओटीच्या काळात रोज करायची एक गोष्ट सांगते, ध्येय लिहिण्याची. 'उजव्या हाताची पकड सुधारणे' हे ध्येय कुणाचंही असू शकतं. रामबागेच्या आजींसाठी आज मी असं लिहीन: 'तीन आठवड्यांत आजी चौरंगासमोर खुर्चीवर बसून, लायटर वापरून, कुणी हात न लावता पाच देवांना स्नान घालून निरांजन लावतील.' यात वेळ आहे, जागा आहे, साधन आहे, मदत किती ते आहे, आणि ते झालं की नाही हे सुनेलाही कळतं. शिक्षकाला रोज एक ध्येय दाखव आणि खोडायला सांग. खोडलेलं वाचून वाईट वाटेल, वाटू दे. मी माझ्याकडच्या मुलींना प्रत्येक नोंदीच्या शेवटी 'का' ही एक ओळ लिहायला लावते: आज हे का केलं, दुसरं का नाही केलं. ही ओळ लिहिता आली नाही त्या दिवशी काहीतरी सवयीने झालेलं असतं.

रुग्णाला काय हवंय ते विचारण्यासाठी सीओपीएम (कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेझर) ही मुलाखतीची पद्धत शिकून घे. रुग्ण स्वतःच अडचणी सांगतो, त्यांचं महत्त्व, आपण ते किती जमवतो आणि त्यात किती समाधानी आहोत हे एक ते दहात सांगतो. दोन गुणांचा फरक पडला तर तो खरा फरक धरतात. पण ते आपल्या माणसांशी बोलताना थोडं थांबून बोलावं लागतं. "तुम्हाला काय करायला आवडेल?" असं विचारलं की आमच्याकडच्या बायका म्हणतात, "काही नाही बाई, सगळं ठीक आहे." "काल सकाळपासून काय काय झालं ते सांगा" म्हटलं की तासभर बोलतात. इंदुरात तर भाषाही घरात मराठी, दुकानात हिंदी, कामवाल्या मावशींशी माळवी. पक्षाघातानंतर कुणाला कुठली भाषा आधी परत येईल सांगता येत नाही. घरच्यांना विचारूनच बोलायला सुरुवात कर.

प्रबंधाबद्दल फार लिहीत नाही. ज्या रुग्णांपर्यंत तू खरोखर पोचशील त्यांच्यावरचाच विषय घे, आणि एथिक्स कमिटीच्या तारखा पहिल्याच महिन्यात विचारून ठेव. आपल्याकडे वापरल्या जाणाऱ्या बऱ्याच मोजमापांत काटा-चमचा, टब, उंच कमोड गृहीत धरलेले असतात. हाताने जेवणाऱ्या, जमिनीवर बसणाऱ्या, भारतीय शौचालय वापरणाऱ्या माणसासाठी ती तपासून बघणं हा प्रामाणिक विषय आहे. मूळ कर्त्यांची परवानगी घ्यायची, मराठीत किंवा हिंदीत आणायचं, दुसऱ्याकडून उलट भाषांतर करून घ्यायचं, मग रुग्णांवर पडताळायचं. दोन वर्षांत नीट होतं.

इंटर्नशिपचे दोन महिने उरलेत म्हणतेस, तर एक काम आतापासून कर. तुझ्या आजी असतील तर आजी, नाहीतर आई, ज्या कुणी घरात पुरणपोळी करतात त्यांच्याजवळ स्वयंपाकघरात पूर्ण वेळ बस. डाळ निवडण्यापासून तव्यावरून पोळी उतरेपर्यंत प्रत्येक पायरी लिही: कुठला हात, किती जोर, उभ्याने की बसून, कुठे गरम, कुठे घाई, कुठे नुसत्या नजरेचं काम, कुठे चव घेऊन ठरवलं, कुठे मध्येच कुणाला हाक मारली. माझ्याकडे नव्या येणाऱ्या मुलींना पहिल्या दिवशी मी हेच देते. बहुतेकींच्या पायऱ्या वीसच्या आत संपतात, परत बसवलं की साठच्या पुढे जातात. पुरणयंत्र धरायला त्या दुसरा हात कसा लावतात, ते आधी लिही.